संध्याकाळच्या दोन गोळ्या

बिडकीन
१४ जानेवारी २०२४

सुकेशनी,

सगळे खुशाल आहेत हे लिहिण्यात मी कागद घालवणार नाही. खुशाल नसते तर तुझ्या बापानं, म्हणजे आमच्या सोनाजीनं, एव्हाना तुला पुण्याला चार फोन केले असते.

आत्याला आत्ताच पत्र लिहायची हौस कशी आली म्हणशील. आमच्या फोनची तऱ्हा तुला ठाऊक आहे. तुझे बिभीषणमामा, म्हणजे आमचे मालक, फोन लावतेत, स्पीकर चालू करतेत अन् ओट्यावर ठेवतेत. मग मला कुठं दुखतंय अन् कुठून काय जातंय हे सगळ्या वस्तीला कळतं. परवा मी तुला काही सांगायला लागले तर शेजारच्या सांडूनं मधीच विचारलं, "वहिनी, पोट साफ होतं ना?" त्याच्या पोटाची मी कधी चौकशी केली? म्हणून कागद.

आता मुद्द्याचं. तू शिकलीस ती नेमकी ह्याच रोगावर, अन् घरात रोग झाला तो मलाच, तेव्हा मला सरळ जवाब पाहिजे. दोन वर्षांमागं अंडाशयाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, सहा सलाईनी झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं साफ. मी पेढे वाटले. अकरा महिन्यांनी रोग परत हजर! मागच्या श्रावणात आभाळ कोरडं अन् माझं पोट भरलेलं. नळी लावून चार लिटर पाणी काढलं. इकडं टँकरपुढं बाया हंड्यासाठी भांडतेत अन् तिकडं माझ्या खाटेखाली बादली भरते. मी म्हणलं, "बाई, फेकू नका, वस्तीवर न्यावं लागंल." नर्स हसून हसून भिंतीला टेकली.

परत सहा सलाईनी झाल्या. आता म्हणतेत पुन्हा साफ. ह्या महिन्यापासून गोळ्या दिल्यात, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, रोग परत येऊ नये म्हणून. तर मला सांग, साफ होतं तर आलं कुठून? अन् साफ नव्हतं तर माझे पेढे कोण देणार?

दुसरं एक. माझ्या शेजारच्या खाटेवर पडेगावची कडूबाई होती. तोच रोग, एकाच आठवड्यात ऑपरेशन, सलाईनीचा वारही एकच. तोंडानं नावासारखीच, पण मन लई मऊ. तिला गोळी दिली नाही. मला का दिली अन् तिला का नाही, हे विचारलं तर तिथं रांगेत कुणाला वेळ नसतो. तू सांग.

मामा मेंढरं घेऊन गेलेत. चराईला कुंपणं पडलीत, पण कंपन्यांसाठी सहा पदरी रस्ता झालाय. त्याच्यावर अजून गाडी नाही, दिवे मात्र भर दुपारी चालू. शंभर मेंढरं सिमेंटावरून ऐटीत जातेत, जसं काही त्यांचंच उद्घाटन आहे.

तुझी आत्या
मंजुळा

*

पुणे
२७ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र प्रयोगशाळेत उघडलं आणि एकटीच हसत बसले. आमच्या सरांनी येऊन विचारलं, प्रयोग जमला का?

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक पेशी भराभर वाढतात. सलाईनीतलं औषध अशा वाढणाऱ्या पेशींनाच जास्त गाठतं. पण थोड्या पेशी गप्प बसून राहतात, वाढतच नाहीत. त्यातल्या काही तर आत शिरलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात आणि स्वतःची मोडतोड पटकन दुरुस्त करतात. त्या इतक्या कमी असतात की कुठल्याच तपासणीत दिसत नाहीत. म्हणून डॉक्टर साफ म्हणतात, आणि ते खोटं नसतं. जे दिसतं ते साफच असतं. काही महिन्यांनी त्या जाग्या होतात आणि त्यांच्यापासून पुन्हा सगळी गाठ उभी राहते. त्यांना आम्ही कर्करोगाच्या मूळ पेशी म्हणतो. माझी पाच वर्षं त्यांच्याच मागे चालली आहेत, आणि अजून पुष्कळ काही कळलेलं नाही.

तुझ्या गोळ्या पेशींना ती दुरुस्ती करू देत नाहीत. म्हणून रोज घ्यायच्या, न चुकता.

कडूबाईंचं म्हणशील, तर डॉक्टरांनी विचार करूनच ठरवलं असणार. त्यात तू पडू नकोस.

पेढे मी देईन.

सुकेशनी

*

बिडकीन
१२ फेब्रुवारी २०२४

सुकेशनी,

तुझ्या मूळ पेशी मला कळल्या. तुला पाच वर्षं लागली, मला चहा होईपर्यंत.

बारा-तेराच्या दुष्काळात तू शिकायला बाहेर होतीस. तेव्हा जी मेंढरं चाऱ्यासाठी सैरावैरा पळायची ती आधी पडली. धट्टीकट्टी, दिसायला देखणी, सगळी गेली. एक लंगडी काळी मात्र बाभळीखाली डोळे मिटून पडून असायची. ना पळणं, ना ओरडणं. मामा म्हणायचे, ही आज जाईल, उद्या जाईल. ती कसली जाते! पाणीपाऊस बरा झाल्यावर उठली, अन् आज निम्मा कळप तिच्या वंशाचा आहे. तर माझ्या पोटात तसली एक लंगडी बसली आहे, असंच ना? मग ती पडलेली असतानाच तिला का धरत नाही तुम्ही लोक? एवढं शिकून काय करता?

कडूबाईच्या बाबतीत "त्यात पडू नकोस" म्हणलीस. बरं. पण तूच मेंढरांत वाढलीस. एका मेंढीला जंत झाले म्हणून आपण एकटीला औषध पाजतो का? सगळा कळप रांगेत धरायचा, एकेकीचा जबडा दाबायचा अन् पाजायचं. एक जरी सोडली तरी मामा शिव्या घालतेत. दवाखान्यात मात्र एकीला पाजतेत अन् शेजारची तोंडाकडं बघत बसते. असो. तुम्ही शिकलेले.

तिची तब्येत आता बरी आहे. परवा तपासणीला भेटली तर हिरवी साडी नेसून आलेली. म्हणे, "मंजुळे, उन्हाळा सरला की वेरूळला जाऊ, घृष्णेश्वराला. नवस हाय माझा." मी म्हणलं, "माझ्यासाठी मागितला असशील तर येते, नायतर एसटीचा हेलपाटा कशाला?" माझ्या रक्तातला ह्या रोगाचा आकडा एकोणीस आला. पस्तिसाच्या आत पाहिजे, तर आहे. खूश?

मंजुळा

*

पुणे
३ एप्रिल २०२४

प्रिय आत्या,

बाबांनी तुझ्या रिपोर्टचा फोटो पाठवला. एकोणिसाचे अठ्ठेचाळीस झालेत. तू मला कळवलं नाहीस, हे मला लागलं.

घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. गोळी चालू असताना आकडा वाढतोय, म्हणजे तुझ्यातल्या त्या लंगडीनं गोळीलाही दाद न देण्याची काही तरी वाट काढली असावी. असं होतं. पुढच्या महिन्यात आकडा आणखी चढला तर डॉक्टर बहुधा ही गोळी बंद करतील. ती एकदा हातची गेली की पुढची औषधं जास्त कडक असतात, आणि त्यांचा भरवसा कमी.

एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो. आमच्या प्रयोगशाळेला तुमच्या दवाखान्यातून नमुने येतात, रुग्णाची सही घेऊन. पुन्हा पोटात पाणी झालं आणि काढावं लागलं, तर त्यातलं थोडं आम्हाला द्यायला तू तयार होशील का? गोळीला न जुमानणाऱ्या पेशी मिळणं फार अवघड असतं. तुझ्यासाठी नाही तर तुझ्यामागून येणाऱ्या बायकांसाठी उपयोग होईल.

तुझी
सुकेशनी

*

बिडकीन
११ एप्रिल २०२४

सुकेशनी,

म्हणजे माझ्या पोटात पाणी यायची तू वाट बघत बसली आहेस! इथं टँकर दोन दिसाआड येतो, त्याचीसुद्धा आम्ही एवढ्या आशेनं वाट बघत नाही.

रागावले नाही. म्हणजे रागावले होते, पण तुझं पत्र आलं त्या दिवशी. आता चौथा दिवस आहे. पाणी आलं तर घेऊन जा, बादलीसकट. पण येणार नाही असं माझं मन सांगतं. माझी गोळी वाईट नाही. तिच्यावर उगी आळ घेऊ नका.

इथं सगळं ठीक. ऊन लई. सोनाजीनं नवा कूलर घेतला अन् त्यात टाकायला पाणी नाही, म्हणून कूलरवर गोधडी टाकून ठेवलीय.

कडूबाईला जरा चक्कर येते. चेहरा पांढराफटक पडलाय, जिना चढली की धापा टाकते. तिची सून बीट किसून देते, ते खाऊन तिचे फक्त दात लाल झालेत. आता सहज विचारते, तुझ्या अभ्यासासाठी: आमच्या ह्या गोळीनं कुणाचं रक्त कमी होतं का? मला काही झालं नाही. सहज विचारते.

मंजुळा

*

पुणे
१७ एप्रिल २०२४
स्पीड पोस्ट

आत्या,

तू कधीच काही सहज विचारत नाहीस.

काल फोन केला तर "इथं समदे बसलेत" म्हणून ठेवलास. म्हणून लिहिते. तू कडूबाईंना तुझ्या गोळ्या देतेस का? हो की नाही, एवढंच सांग.

देत असशील तर चूक आधी माझी आहे. जानेवारीत तू मला नीट प्रश्न विचारला होतास आणि मी "त्यात पडू नकोस" म्हणून मोकळी झाले. आता उत्तर देते. ही गोळी सगळ्यांसाठी नाही. सलाईनीनं ज्यांचा रोग चांगला मागे हटतो, त्यांचा तो तसाच मागे राहावा म्हणून ती देतात. कडूबाईंचा रोग दुसऱ्या वेळी सलाईनीला बधला नसेल. मग त्यांना ही गोळी फायदा करण्याची आशा फार कमी, आणि रक्त कमी होण्याचा त्रास मात्र पुरेपूर. त्यांच्यासाठी वेगळं औषध असतं. तू विचारलंस तसं, हो, हिनं रक्त कमी होतं. त्यांना ताबडतोब दवाखान्यात घेऊन जा.

आणि तुझी गोष्ट. निम्म्या गोळ्यांवर आकडा वाढला तर त्याचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही. मी माझ्या वहीत तुझ्या नावापुढे "दाद देत नाही" असं लिहून ठेवलंय. डॉक्टरही तेच लिहितील आणि गोळी बंद करतील. त्यांना खरं सांग. पाया पडते.

सुकेशनी

*

बिडकीन
६ मे २०२४

सुकेशनी,

हो.

जानेवारीपासून. सकाळच्या दोन मी, संध्याकाळच्या दोन ती. महिन्याच्या तपासणीला भेटलो की पदराआड देत होते. तिनं मागितल्या नव्हत्या. बाकावर बसून तिनं एवढंच विचारलं होतं, "मंजुळे, मला कागदावर निस्ती रेघ का मारली?" मला तिचं तोंड बघवलं नाही. एवढंच झालं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सोनाजीच्या मोटारसायकलीवर पडेगाव गाठलं. कडूबाई खाटेवर पडून होती. मी म्हणलं, "ऊठ, दवाखान्यात जायचंय." ती म्हणे, "आज वार नाय आपला." मी म्हणलं, "वार गेला खड्ड्यात." तिला मधी बसवली अन् तिघं गेलो. चौकात पोलिसानं अडवलं. मी म्हणलं, "दोघी कॅन्सरच्या हायेत, पावती कुणाच्या नावानं फाडता?" त्यानं हात जोडले.

तिचं रक्त साडेसहावर आलं होतं. दोन पिशव्या चढवल्या. त्या धावपळीत मला तोंड उघडायचं धाडस झालं नाही. फक्त कडूबाईला गोळ्या बंद म्हणून दटावलं. डॉक्टरीणबाई मात्र तिचं रक्त कुठं जातंय म्हणून वरून खालून तपासण्या लावत राहिल्या.

मग परवा आमचा वार आला. माझा आकडा त्र्याऐंशी. बाईंनी कागद खाली ठेवला अन् म्हणाल्या, "मंजुळाबाई, गोळी लागू पडत नाही असं दिसतंय. बंद करू या. दुसरं सलाईन सुरू करावं लागेल."

मी म्हणलं, "बाई, गोळीचा कसूर नाय. निम्मीच पोटात गेलीय."

"निम्मी म्हणजे?"

"सकाळच्या दोन माझ्या. संध्याकाळच्या दोन हिच्या."

कडूबाई माझ्या शेजारीच बसलेली. लगेच उसळली, "मी नको म्हणत होते! ही कसली ऐकती? जबडा धरून पाजल्या असत्या हिनं."

बाईंनी चष्मा काढला. मग जे सुरू झाल्या! "पंधरा दिवस मी हिचं रक्त शोधतेय! पोटात दुर्बीण घातली हिच्या! मंजुळाबाई, तुम्ही मैत्रिणीला औषध नाही दिलंत, दुसरा आजार दिलात. आणि कडूबाई, तुम्हाला मी दर आठवड्याचं सलाईन सांगितलं होतं, त्याला का आला नाहीत?"

हे मला नवीन होतं. मी कडूबाईकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत म्हणली, "गोळी चालू होती म्हणून. वाटलं, कशाला परत सुया?"

म्हणजे बघ, सुके. मी तिला रक्त कमी करायची गोळी दिली ती दिली, वर तिचा खरा इलाज तीन महिने लांबवला. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणलं, बाई, चुकले. हे कुणाला सांगू नको.

बाई मला आणखी बोलणार होत्या, तर कडूबाईनंच हात केला. "बाई, हिला नका बोलू. तुम्ही कागदावर रेघ मारली तेव्हा मी घरी जाऊन लुगडी वाटायला काढली होती. हिच्या गोळीनं मला वाटायचं, आपल्यासाठी पण काही चालू हाय. म्हणून जेवत होते."

मग बाईंनी खुर्ची पुढं ओढून तिला सगळं सांगितलं, तू लिहिलंस तसंच. रेघ गोळीपुढं होती, तुमच्या नावापुढं नव्हती, म्हणाल्या. बाहेर रांग ओरडत होती, तरी पंधरा मिनिटं बोलल्या. माझा पुन्हा फोटो काढला, त्यात गाठ दिसली नाही. माझी गोळी चालू ठेवलीय, चारच्या चार. दोन महिन्यांनी आकडा बघणार. तोवर उतरला नाही तर बंद.

कडूबाईचं सलाईन सुरू झालं. तिच्या पोटात थोडं पाणी होतं, ते काढलं. तुझ्या नावानं तिनं सही केली, अंगठा नाही, सही. विचारत होती, पुण्याला जाऊन ते पाणी करतं काय?

मामा मेंढरांकडं होते, त्यांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणले, "निम्मा डोस पाजून कुठला जंत मरतो? एवढी वर्षं माझ्याबरोबर काढली अन् हे कळलं नाय?" अन् तेही स्पीकर चालू असताना.

मंजुळा

*

पुणे
१२ जून २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. वहीतली ती ओळ खोडली आणि पुढे लिहिलं, "अजून माहीत नाही." पाच वर्षांत इतकं खरं वाक्य मी वहीत क्वचित लिहिलं असेल.

कडूबाईंना सांग, त्यांच्या पाण्यातल्या पेशी नीट पोचल्या. आम्ही त्यांना अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवतो, दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य देतो. मग सलाईनीतलं औषध घालतो. पुष्कळ मेल्या. ज्या उरल्या त्या बशीला न चिकटता छोट्या गुठळ्या करून तरंगत राहिल्या. त्याच आम्हाला हव्या होत्या. त्या औषधाला कशानं चुकवतात आणि चुकवता येऊ नये म्हणून काय करावं, हे आता त्यांच्यावरच बघतोय. यातून कडूबाईंना लगेच औषध मिळेल असं नाही. खोटी आशा दाखवत नाही. एकदा "त्यात पडू नकोस" म्हणून पस्तावले आहे.

परवाच्या बैठकीत सगळ्यांपुढे तुझी लंगडी मेंढी सांगितली. सरांना इतकी पटली की आता आमच्याकडे सगळेच त्या पेशींना लंगडी म्हणतात.

तुझ्या आकड्याची वाट बघतेय. पाण्याची नाही.

सुकेशनी

*

बिडकीन
८ जुलै २०२४

सुकेशनी,

आधी कडूबाईचं घे, नाहीतर ती मला पुढं लिहू देणार नाही. ती इथंच बसलीय. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तरंगतेत म्हणलं तर बरं वाटलं तिला. पण ताजं खाद्य अन् ऊब म्हणल्याबरोबर उठून उभी राहिली. "म्हणजे ज्यांनी मला खाल्लं, त्यांना ती पोरगी पोसती? माझ्या घरात मला ऊन ऊन भाकर मिळायची मारामार, अन् त्यांना दर दोन दिसाला ताजं?" मी समजावलं की बाई, पोसायचं, मग मारायचं, अन् कोण मरत नाही ते बघायचं. त्यावर तिचा हुकूम असा: पोटभर देऊ नको. अन् सणाला काही विशेष करू नको. अन् शेवटची उरंल तिला मारताना कडूबाईचं नाव घेऊन मार.

तिची गाठ कमी नाही, पण वाढलीही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या ह्यालाच चांगलं म्हणायचं. आम्ही म्हणलं, मग म्हणू. सलाईनीनं तिचे केस गेलेत. डोक्याला हिरवा रुमाल बांधून फिरते अन् विचारणाऱ्याला सांगते, दुबईहून आणलाय.

आता माझं. काल आकडा आला. सोनाजी कागद हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवरच बसला. मला वाटलं, झालं आपलं. मी म्हणलं, "रडायचं असंल तर घरी जाऊन रड, इथं मोटारसायकलीला उशीर होतोय." त्यानं कागद पुढं केला. एकतीस.

एकतीस, सुके. पस्तिसाच्या आत. बाई म्हणाल्या, गोळी तुम्हाला चालते आहे. किती वर्षं चालंल ते सांगता येत नाही, म्हणाल्या. मी म्हणलं, तेवढं तर माझ्या मालकाचंही सांगता येत नाही.

आता संध्याकाळच्या दोन गोळ्यांचा बंदोबस्त ऐक. कडूबाईला माझ्यावर भरवसा राहिला नाही. म्हणते, तुझ्यासारखी बाई उद्या आणखी कुणाचं तोंड बघून वाटत बसंल. म्हणून रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला तिचा फोन येतो, चेहरा दिसतो तसला. गोळ्या दाखवायच्या, गिळायच्या, अन् मग जीभ काढायची. वर करून. डावीकडं. उजवीकडं. मामा स्पीकर लावतेतच, त्यामुळं आता सगळी वस्ती ओट्यावर येऊन बघते, अन् सांडू म्हणतो, "वहिनी, जिभेखाली बघू द्या."

आज ती इथंच मुक्कामाला आहे, तरी सुटका नाही. ताट वाढून, गोळ्या घेऊन समोर बसलीय अन् म्हणते, लिहिणं पुरं, आ कर.

करते.

मंजुळा